युद्धात गंभीर जखमी झालेल्यांचं पुनर्वसन: घरच्यांकडून हमखास येणारे प्रश्न

गोळी, सुरुंग किंवा तोफगोळ्याने जबर जखमी झालेला माणूस वाचतो, तेव्हा घरच्यांना आधी हायसं वाटतं. आठवड्याभरात प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक वेळा वॉर्डाबाहेरच्या बाकावर, डॉक्टर निघून गेल्यावर विचारले जातात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या बाकावर मीही बरीच वर्षं बसलो आहे. तिथे वारंवार कानावर आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण घोळ तिथेच होतात.

व्यायाम वगैरे जखमा भरल्यावरच सुरू करायचे ना?

नाही. अतिदक्षता विभागात, माणूस नळ्यांमध्ये गुरफटलेला असतानाच सुरुवात करायची असते. सांधे वाट बघत नाहीत. हालचाल बंद झालेला सांधा थोड्या आठवड्यांत आखडायला लागतो, आणि आखडलेला सांधा सोडवायला महिने जातात. कधी तो सुटतच नाही.

सगळ्यात मोठा शत्रू उशी. पाय गुडघ्याखाली कापला आहे, दुखतंय, म्हणून कुणीतरी मायेने गुडघ्याखाली उशी सरकवतं. पेशंटला बरं वाटतं, तो गुडघा वाकवून पडून राहतो. दीड महिन्याने कृत्रिम पाय बसवायची वेळ येते तेव्हा गुडघा सरळच होत नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता वॉर्डात शिरल्यावर माझी नजर आधी उशीवर जाते. मांडीतून पाय गेला असेल तर खुबा पुढे वाकून आखडतो. त्यासाठी दिवसातून दोन-तीन वेळा वीसेक मिनिटं पालथं झोपवावं लागतं. भाजलेल्यांचंही तेच. ज्या स्थितीत आराम वाटतो, नेमकी तीच स्थिती अंगात कायमची बसते.

अशा जखमांनी पूर्वी माणूस दगावायचा. आता कसा वाचतो?

रक्तस्राव वेळेत थांबतो म्हणून. हातापायाला करकचून आवळायचा पट्टा, म्हणजे टूर्निकेट, आज सैनिकाच्या अंगावरच असतो आणि तो स्वतःला किंवा शेजारच्याला मिनिटभरात लावू शकतो. त्यानंतर जलद उचलून नेणं, वाटेतच रक्त देणं, आणि पहिल्या शस्त्रक्रियेत फक्त जीव वाचवण्यापुरतं काम करून बाकीचं पुढच्या दिवसांवर ठेवणं. परिणाम असा की पूर्वी जो रणांगणावरच गेला असता, तो आज दोन पाय, एक हात आणि एक डोळा गमावून घरी येतो. वाचवण्याचं शास्त्र पुढे गेलं तसा पुनर्वसनावरचा भार वाढला. त्यासाठी माणसं आणि जागा मात्र सगळीकडेच कमी पडतात.

एकाच जखमेसाठी इतक्या वेळा ऑपरेशन थिएटरमध्ये का नेतात? काही चुकलं आहे का?

बहुधा नाही. स्फोटाची जखम रस्त्यावरच्या अपघातासारखी नसते. माती, कपड्याचे धागे, बुटाचे तुकडे, धातूचे छर्रे, कधी दुसऱ्या कुणाच्या हाडाचा कपचा, हे सगळं स्फोटाच्या जोराने स्नायूंच्या थरांमध्ये खोल वर चढलेलं असतं. वरून जखम लहान दिसते. अशी जखम पहिल्याच दिवशी शिवून टाकली तर आत पू साठतो, सगळं सडतं. म्हणून ती उघडी ठेवतात, दर दोन-तीन दिवसांनी भूल देऊन धुतात, मेलेलं मांस काढतात आणि स्वच्छ झाल्यावरच शिवतात.

दोन गोष्टी घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. स्फोटाने कापल्या गेलेल्या हातापायात कधीकधी मऊ मांसात नको तिथे हाड तयार होतं. बरी होत आलेली जागा पुन्हा कडक, गरम आणि दुखरी झाली तर दाखवा. दुसरं, सगळे छर्रे काढत नाहीत. जे त्रास देत नाहीत ते आत राहू देतात. एखादा काही वर्षांनी कातडीखाली टोचू लागतो. पुढे कधीही एमआरआय काढायची वेळ आली तर आधी सांगायचं: अंगात धातू आहे. हे कार्डावर लिहून पाकिटात ठेवा.

पाय वाचवण्याची शक्यता असताना कापायला का सांगतात?

घरच्यांना हा निर्णय सगळ्यात जड जातो. पाय ‘वाचतो’ म्हणजे काय वाचतं, हे डॉक्टरांना विचारा. तळव्याला संवेदना येईल का? वजन पेलेल का? किती शस्त्रक्रिया, किती वर्षं? काही जण वर्षानुवर्षं पाय वाचवत राहतात, सतत दुखणं आणि संसर्ग सोसतात, आणि शेवटी स्वतःच कापायला सांगतात. उलट, चिकाटीने वाचवलेल्या पायावर आयुष्यभर नीट चालणारेही आहेत. गुडघा मात्र शक्य असेल तिथवर राखायचा. का, ते पुढे येईल.

उरलेल्या भागाला पट्टी बांधायला नर्स येतातच. आम्ही शिकायची काय गरज?

घरी नर्स नसते, म्हणून. उरलेला भाग, ज्याला सगळेच स्टंप म्हणतात, पहिले काही महिने सुजलेला असतो आणि त्याला आकार द्यायचा असतो. क्रेप बँडेज गोल गोल गुंडाळायचं नाही. तसं केलं की दोरी बांधल्यासारखं होतं, टोकाकडे सूज अडकते आणि स्टंप भोपळ्यासारखा होतो. पट्टी तिरकी न्यायची, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी एकमेकींवरून, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. सुरकुती पडू द्यायची नाही. बांधून झाल्यावर पेशंटला विचारायचं, ‘ठणकतंय का?’ ठणकलं तर सोडून पुन्हा बांधायची. दर चार-पाच तासांनी ती सैल पडते, तेव्हा परत बांधायची.

मी शिकवताना आधी घरच्यांना स्वतःच्या हाताच्या मुठीवर बांधायला लावतो. पहिल्यांदा प्रत्येकाची पट्टी दहा मिनिटांत सुटते. पाचव्या-सहाव्या वेळी हात बसतो. एका आजींनी मात्र पहिल्याच फटक्यात अशी सफाईदार बांधली की मी बघतच राहिलो. सुताचा गुंडा करायची आयुष्यभराची सवय होती, म्हणाल्या.

पट्टीबरोबर स्पर्शाची सवयही लावायची असते. जखम भरल्यावर मऊ कापडाने, मग जाड टॉवेलने, दिवसातून काही वेळा हलकेच घासायचं, हाताने चोळायचं. बरेच पेशंट सुरुवातीला स्टंपकडे बघतही नाहीत. ज्या दिवशी ते स्वतःच्या हाताने तो धरतात, त्या दिवशी माझ्या वहीत मी खूण करतो.

पाय नाही, तरी पायाचा अंगठा दुखतो म्हणतात. डोक्यावर परिणाम झाला आहे का?

अजिबात नाही. अवयव गेलेल्या बहुतेकांना तो ‘असल्याचं’ जाणवतं आणि पुष्कळांना दुखतं: जळजळ, पेटके, विजेचा झटका बसल्यासारखं, कधी बोटं कुणी पिळल्यासारखी. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने 1871 मध्ये या अनुभवाला ‘भुताचा अवयव’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि तेच रूढ झालं. मेंदूत त्या अवयवाचा नकाशा शाबूत असतो, कापलेल्या नसा भलतेसलते संदेश पाठवत असतात, आणि दुखणं पूर्णपणे खरं असतं.

उपचार आहेत. नसांच्या दुखण्यावरची औषधं वेगळी असतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. 1990 च्या दशकात न्यूरोशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाची युक्ती काढली. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल असा. मग चांगला पाय हळूहळू हलवायचा आणि आरशात बघत राहायचं. वळलेली, आवळलेली बोटं ‘सुटतात’. 2007 मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातला याचा छोटा पण नीट केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आरसा जगभरच्या वॉर्डांत पोचला. सगळ्यांना गुण येत नाही. खर्च मात्र एका आरशाचा, म्हणून महिनाभर रोज पंधरा मिनिटं करून बघायला हरकत नाही. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ झाली असेल तर शल्यचिकित्सक ती नस जवळच्या स्नायूकडे वळवतात. त्याचाही उपयोग होतो.

कृत्रिम पाय कधी मिळतो?

जखम भरली, सूज उतरली, सांधे सरळ असले तर साधारण काही आठवडे ते काही महिन्यांत. पहिला पाय तात्पुरता. स्टंप वर्षभर आकसत राहतो, त्यामुळे आज घट्ट बसणारं सॉकेट (कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा खोलगट भाग) तीन महिन्यांनी ढिलं होतं. मधल्या काळात स्टंपवर मोजे वाढवून भागवायचं: सकाळी एक मोजा, दुपारी दुसरा वर. हे मोज्यांचं गणित ज्याला जमलं त्याचा पाय वापरात राहतो. ज्याला जमलं नाही त्याच्या कातडीला फोड येतात आणि पाय पलंगाखाली जातो.

एक रुग्णालय, नाव नको, पाय बसवून त्याच दिवशी फोटो काढून लोकांना घरी पाठवायचं. चालायला शिकवणं, मोजे, कातडीची तपासणी, काहीच नाही. त्यातले बरेच जण नंतर माझ्याकडे कुबड्यांवर आले. पाय त्यांनी पिशवीत घालून आणला होता.

चालायला शिकणं समांतर दांड्यांच्या मधून सुरू होतं. पहिला धडा चालण्याचा नसतोच, नुसतं वजन टाकण्याचा असतो. सगळे चांगल्या पायावर झुकून उभे राहतात. मी दोन वजनकाटे ठेवतो, प्रत्येक पायाखाली एक. आकडे जवळ येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही.

आता गुडघ्याचं. गुडघ्याखाली पाय गेलेल्याला चालायला निरोग्यापेक्षा साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. मांडीतून गेलेल्याला निम्म्याहून अधिक जास्त. दोन्ही मांड्यांतून गेले असतील तर दुपटीच्याही वर. म्हणून दोन्ही पाय मांडीतून गेलेला तरणाताठा माणूस दिवसाचा बराचसा वेळ व्हीलचेअर वापरत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. तो शक्ती जपून वापरतो आहे.

सगळ्यात महागडा पाय घेतला तर लवकर बरं वाटेल का?

सॉकेट नीट बसलं नाही तर संगणकवाला गुडघाही कोपऱ्यात पडतो. आधी बसवणारा कारागीर बघा, मग सांधा. आणि दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारा. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्र. क. सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट अफगाणिस्तानपासून कंबोडियापर्यंत सुरुंगाने जखमी झालेल्यांना चालला. कारण अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात उतरता येतं, आणि मोडला तर जवळपास दुरुस्त होतो. पाय कुठल्या जमिनीवर चालणार आहे, यावर तो निवडायचा.

हात गेला असेल तर?

पायापेक्षा अवघड. पाय वजन पेलतो, हात स्पर्शाने बघतो, आणि स्पर्श अजून कुठल्याच कृत्रिम हातात नीट येत नाही. स्नायूंच्या विजेवर चालणारे हात दिसायला झकास असतात. तरी पुष्कळ जण हाताच्या जागी लावायच्या साध्या हुकाकडे वळतात किंवा काहीच न लावता एका हाताने कामं करायला शिकतात. तिन्ही मार्ग बरोबर. उजवा हात गेला असेल तर डाव्याने लिहिणं पहिल्या महिन्यापासून सुरू करा. राहिलेल्या हाताच्या खांद्याची आणि मनगटाची काळजी घ्या. पुढची चाळीस वर्षं सगळा भार त्याच्यावर आहे.

मणक्यात गोळी लागली आहे. पुन्हा चालेल का?

पहिल्या काही आठवड्यांत कुणी ठामपणे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत असेल तर दोन्हीवर विश्वास ठेवू नका. मार लागल्यावर मज्जारज्जू काही काळ सुन्न पडतो; तो ओसरल्यावरच खरं चित्र दिसतं. दुखापतीखाली, अगदी गुदद्वाराजवळही, थोडीशी संवेदना उरली असेल तर आशेला जागा असते. काहीच उरलं नसेल तर चालणं परत येण्याची शक्यता फार कमी. हे सांगणं जिवावर येतं, पण लपवलं की माणूस वर्षभर पलंगावर ‘पाय येण्याची’ वाट बघतो आणि त्या वर्षात व्हीलचेअरवर जे शिकायचं ते राहून जातं.

पहिल्या महायुद्धात मणक्याला मार लागलेले बहुतेक सैनिक काही महिन्यांतच दगावत, तेही मणक्यामुळे नव्हे तर शय्याव्रण (सतत पडून राहून होणाऱ्या जखमा) आणि लघवीतल्या संसर्गामुळे. नाझी जर्मनीतून निसटलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात या पेशंटांसाठी विभाग उघडला. त्यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला: दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा; आणि लघवीची काळजी निष्काळजी हातात द्यायची नाही. रात्री ते स्वतः फेरी मारून बघत. मृत्यू झपाट्याने घटले. मग त्यांना पलंगावरून उठवायला गुटमननी खेळ आणले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, 16 जखमी स्त्री-पुरुषांनी तिथे धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. आपल्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तिथूनच पुढे जाते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखालचं बळ गेलेल्या या जवानाने 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. आधी ते मुष्टियोद्धे होते. पोहण्याकडे ते जखमी झाल्यानंतर वळले.

घरी रोजचं काम मात्र पदकाचं नसतं, कातडीचं असतं. संवेदना नाही म्हणजे चटका, टोचणं, दाब काहीच कळत नाही. सकाळ-संध्याकाळ लांब दांड्याच्या आरशाने माकडहाड, कुल्ले, टाचा बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होतो का ते पाहायचं. होत नसेल तर त्या बाजूवर बसणं-झोपणं बंद, तो जाईपर्यंत. व्हीलचेअरवर बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलायचं किंवा एका बाजूला झुकायचं. एका दुपारच्या आळसाने झालेला व्रण भरायला सहा महिने लागलेले मी पाहिले आहेत.

एक धोका पाठच करा. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं फुटेल इतकं दुखू लागलं, चेहरा लाल झाला, वर घाम आणि खाली अंग गार पडलं, तर रक्तदाब धोकादायक चढला आहे. ताबडतोब बसतं करा, पट्टे-कपडे सैल करा, कॅथेटर (लघवीची नळी) मुडपलंय का बघा, तुंबलेली लघवी मोकळी करा. लगेच उतरलं नाही तर थेट दवाखाना. कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं: वाकलेली नळी, साचलेला मळ, रुतणारा बूट.

डोक्याला बाहेरून काही लागलं नाही, पण माणूस बदलला. हे काय?

स्फोटाच्या लाटेने मेंदूला धक्का बसतो, कवटी शाबूत राहूनसुद्धा. विसरणं, प्रकाश-आवाज सहन न होणं, झोप उडणं, शब्द न सापडणं, क्षुल्लक कारणावरून भडका. जखम दिसत नाही म्हणून लोक ‘नाटक’ म्हणतात. कानांचीही तपासणी करा. पडदा फाटलेला असतो, ऐकू येत नाही, आणि घरच्यांना वाटतं की तो मुद्दाम दुर्लक्ष करतोय. वहीत लिहून ठेवणं, एका वेळी एकच काम, थकण्याआधी विश्रांती, दारू पूर्ण बंद. हलका धक्का बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत निवळतो. जबर मार असेल तर सुधारणा वर्षानुवर्षं चालू राहते, पण हळू.

चेहरा भाजला आहे. आरसे काढून ठेवू का?

पहिल्या महायुद्धात शल्यचिकित्सक हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये सिडकप इथे फाटलेल्या चेहऱ्यांवर हजारो शस्त्रक्रिया केल्या. आजच्या प्लास्टिक सर्जरीचा बराचसा पाया तिथे घातला गेला. तिथल्या वॉर्डात आरसे नसत, आणि गावाच्या वाटेवरचे काही बाक निळे रंगवलेले होते, लोकांनी आधीच समजावं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात त्यांचेच नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी ईस्ट ग्रिनस्टेडला उलट केलं. भाजलेल्या वैमानिकांना अर्धवट शस्त्रक्रिया झालेल्या चेहऱ्यानिशी गावात पाठवलं आणि गावकऱ्यांना आधी बोलावून सांगितलं की यांच्याकडे टक लावू नका, बोला. 1941 मध्ये त्या पेशंटांनी स्वतःचा क्लब काढला, नाव ‘गिनी पिग क्लब’. युद्ध संपेतो त्याचे 649 सदस्य झाले.

मी मॅकिंडोंच्या बाजूचा आहे. आरसे काढू नका. पहिल्यांदा बघताना मात्र कुणीतरी विश्वासाचं जवळ असावं, आणि वेळ पेशंटने ठरवावी. बाकी, दाबाचे कपडे (भाजलेल्या कातडीला घट्ट दाबून ठेवणारे) रोज जवळजवळ पूर्ण दिवस, वर्ष-दीड वर्ष घालायचे. उकडतं, खाजतं, सगळे वैतागतात. तरी घालायचे.

रात्री ओरडत उठतो. दिवसा गप्प असतो. वेळ गेला की ठीक होईल ना?

काहींचं होतं. महिन्याभरानंतरही तेच चालू असेल तर उपचार घ्या. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुमारास, याला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि त्या युद्धातल्या सैन्यांमध्ये अशा काहींना पळपुटे ठरवून गोळ्याही घातल्या गेल्या. आघातानंतरचा ताणविकार म्हणून अधिकृत निदान यायला 1980 उजाडलं. जे घडलं ते प्रशिक्षित थेरपिस्टसमोर टप्प्याटप्प्याने पुन्हा आठवून त्याची धार कमी करणं, हा उपचार सगळ्यात गुणकारी ठरला आहे. घरच्यांनी उकरून विचारू नये. सांगू लागला तर अडवूही नये. झोपेत असताना अंगाला हात लावून उठवू नका, दारातून नावाने हाक मारा.

भीतीपेक्षा वेगळं एक ओझं असतं: मी वाचलो, ते गेले, किंवा मी जे केलं ते करायला नको होतं. त्यावर ‘तुझा काय दोष’ हे उत्तर पोचत नाही. सोबत लढलेल्यांबरोबर बसवा. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातली हत्यारं आणि गोळ्या हलवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घरच्यांनी किती मदत करायची?

जितकी त्याने मागितली तितकी, आणि शर्टाच्या बटणाला अजिबात नाही. एका हाताने बटण लावायला सुरुवातीला सात-आठ मिनिटं लागतात. समोर उभं राहून ती मिनिटं सोसणं फार कठीण. आईचा हात आपोआप पुढे जातो. मी आयांना सांगतो, तेवढ्या वेळात दुसऱ्या खोलीत जा.

आणि सांभाळणाऱ्यांचं? आठवड्यातून एक दिवस दुसऱ्या कुणीतरी पाळी घ्यायचीच. बायकोची पाठ गेली तर घरात दोन पेशंट होतात. उचलायचं कसं, पलंगावरून खुर्चीत सरकपट्टीने (घसरवत नेण्याच्या फळीने) कसं न्यायचं, हे रुग्णालयातून निघण्याआधी शिकून घ्या.

शरीरसंबंध, मूल? विचारायला लाज वाटते.

म्हणूनच मी न विचारता सांगतो. मणक्याच्या किंवा ओटीपोटाच्या जखमेनंतरही बहुतेकांना जवळीक शक्य असते, पद्धत बदलते. पुरुषांसाठी औषधं आणि साधनं आहेत, वीर्य मिळवण्याच्या वैद्यकीय पद्धती आहेत. पाळी सुरू झालेल्या बाईला मणक्याच्या दुखापतीनंतरही गर्भ राहू शकतो, तेव्हा नको असेल तर काळजी घ्या. जननेंद्रियांना मार असेल तर मूत्रविकारतज्ज्ञाला पहिल्या महिन्यातच भेटा.

लहान मुलाचा पाय सुरुंगात गेला आहे. वेगळं काय?

मूल वाढतं, कृत्रिम पाय वाढत नाही. सहा महिने ते वर्षाने नवा लागतो. कापलेलं हाडही वाढून कातडीतून टोचू लागतं, मग पुन्हा छाटावं लागतं. मुलं चालायला मात्र मोठ्यांपेक्षा भराभर शिकतात. शाळा चुकू देऊ नका. सुरुंगबंदीचा आंतरराष्ट्रीय करार 1997 मध्ये झाला तरी जमिनीत पुरलेले सुरुंग अजून मुलांनाही सापडतात.

कामधंदा करता येईल का?

येईल, पण कोणता, हे त्याच्यावर सोपवा. लष्करी अधिकारी इयान कार्डोझो यांनी 1971 च्या युद्धात सुरुंगाने चिंधड्या झालेला आपला पाय स्वतःच्या खुकरीने कापला, आणि पुढे कृत्रिम पायानिशी बटालियनचं नेतृत्व केलं. सगळे कार्डोझो नसतात, कुणाला तसं व्हायला लावूही नये. काबूलमधलं रेडक्रॉसचं अस्थिव्यंग केंद्र मला जास्त शिकवून जातं. 1990 पासून तिथे असलेले इटालियन फिजिओथेरपिस्ट अल्बर्टो कायरो यांनी कर्मचारीच अपंगांमधून घेतले. सॉकेट बनवणारा, चालायला शिकवणारा, नोंद करणारा, जवळजवळ सगळे स्वतः पेशंट राहिलेले. नव्याने आलेला जखमी दारातच बघतो की पाय गेलेला माणूस पगारावर आहे.

किती वर्षं फिजिओकडे यावं लागेल?

रोजचं येणं वर्ष-दोन वर्षांत संपतं. त्यानंतर वर्षातून एकदा तरी या, काही दुखत नसलं तरी. पंधरा-वीस वर्षांनी चांगल्या पायाचा गुडघा झिजतो, व्हीलचेअर ढकलून खांदे जातात, वजन वाढलं की सॉकेट बसेनासं होतं. येताना रोजचे बूट घालून या, नवे नकोत. कृत्रिम पाय कुठे झिजतोय ते जुन्या बुटाच्या टाचेवर दिसतं.